पडद्याचा आनुवंशिक आजार आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या: आधी आजाराचं नाव, मग डबी

इंदुरात एखाद्याला आर.पी., म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, असल्याचं कळलं की महिन्याभरात घरात तीन डब्या जमतात. एक पडद्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. एक दवा बाजारातून कुणाच्या ओळखीनं स्वस्तात आणलेली. आणि एक पुण्याच्या मावशीनं कुरिअरनं धाडलेली, ‘आमच्या शेजारच्या काकांना खूप फरक पडला’ या निरोपासकट. तिन्हींवर डोळ्याचं चित्र, तिन्हींत ल्युटीन (पालेभाज्यांतही असणारं पिवळं रंगद्रव्य), दोघींत झिंक आणि एकीवर बारीक अक्षरांत ‘ई’ जीवनसत्त्व ४००. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर तिन्ही सुरू. या गोळ्यांसाठी त्याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

या तीनपैकी कोणती ठेवायची, कोणती परत करायची आणि ठेवली तर कशी घ्यायची, हे क्रमानं पाहू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: आर.पी. थांबवते असं पक्कं सिद्ध झालेली एकही अँटिऑक्सिडंट गोळी आज नाही. काही मोजक्या आजारांत मात्र नेमकं जीवनसत्त्व नजर वाचवतं, आणि काहींत तेच जीवनसत्त्व घात करतं. वरून सगळ्यांची तक्रार जवळपास सारखीच असते: संध्याकाळी दिसत नाही, बाजूचं दिसत नाही.

पडद्यात नेमकं काय गंजतं

पडद्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. अंधारातलं काम दंडपेशींचं. उजेड, रंग आणि बारीक अक्षरं शंकुपेशींची. आर.पी.त जनुकाचा दोष बहुतेक वेळा दंडपेशींना भोवतो, त्या आधी मरतात आणि माणूस दिवेलागणीला उंबऱ्यावर अडखळू लागतो. पण ज्या शंकुपेशींत मुळात दोष नाही त्या पुढे का जातात?

हिशोब प्राणवायूचा आहे. पडद्यातला बराचसा प्राणवायू दंडपेशीच खातात. त्या गेल्या तरी मागचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड, पुरवठा घटवत नाही. वीस पानांचा स्वयंपाक रोज शिजतोय आणि पंगतीला एकटाच बसलाय, अशी गत होते. उरलेलं अन्न नासतं. इथे उरलेला प्राणवायू शंकुपेशींमधल्या चरबीला, प्रथिनांना आणि डीएनएला गंज चढवतो. अँटिऑक्सिडंटकडून अपेक्षा एवढीच, की हा गंज हळू चढावा. जनुक दुरुस्त होत नाही, गेलेल्या दंडपेशी परतत नाहीत. ‘रात्रीचं दिसायला लागेल’ असं सांगून कुणी डबी विकत असेल, तर त्याला हा आजार माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्यानं गृहीत धरलंय.

पायरी पहिली: आजाराचं पूर्ण नाव

सगळ्यात आधी, हे आनुवंशिकच आहे ना? ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही रातांधळेपणा येतो. दीर्घ जुलाब, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार, वजन कमी करायची पोटाची शस्त्रक्रिया, फार निकृष्ट आहार यातलं काही मागे असेल आणि बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर फेसाळ डाग दिसत असतील, तर तो रस्ता वेगळा. तिथे उपचारानंतर काही दिवसांतच रात्रीचं दिसणं सुधारतं. आर.पी.त असं होत नाही.

मग तपासण्या: ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन), ऑटोफ्लुरोसन्स फोटो (पडद्याच्या स्वतःच्या चमकेचा), दृष्टिक्षेत्राची फील्ड टेस्ट आणि ईआरजी (उजेडाला पडदा किती विद्युत प्रतिसाद देतो ते). डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी बसून तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढा. आजोळ विसरू नका. कोण संध्याकाळनंतर बाहेर पडत नसे, कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येई, कोणाचा तोल जाई. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी झालेली लग्नं स्पष्ट लिहा. ती लपवायची गोष्ट नाही, निदानाची किल्ली आहे. आईकडच्या घराण्यात फक्त मुलगेच आंधळे होत गेले असतील, तर दोष एक्स गुणसूत्रावर असण्याची शक्यता मोठी. हा एक कागद कधीकधी अर्धी तपासणी करून देतो.

जनुक तपासणीला काही मिलिलिटर रक्त पुरतं. हैदराबादचं एल.व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीचं एम्स अशा ठिकाणी या आजारांवर मुद्दाम काम होतं, पण नमुना इंदुरातूनही पाठवता येतो. तुमच्या पडद्याच्या डॉक्टरांना विचारा. अहवालात जनुकाच्या नावापुढे ‘अर्थ अनिश्चित’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर ते निदान नव्हे. त्यावरून एकही गोळी सुरू किंवा बंद करू नका. आणि अहवालाचा उपयोग गोळ्यांपुरता नाही: आरपीई६५ या जनुकाच्या दोषावर अमेरिकेत डिसेंबर २०१७मध्ये जनुकोपचाराला मंजुरी मिळाली आहे, पुढचे प्रयोगही जनुकाच्या नावानंच रुग्ण निवडतात.

आता ज्या नावांनी गोळ्यांचं गणितच उलटं होतं ती नावं.

स्टारगार्ड, म्हणजे एबीसीए४ जनुकाचा दोष. यात ‘अ’ जीवनसत्त्व वापरून झाल्यावर उरणारा कचरा पेशींबाहेर नीट निघत नाही, साचतो आणि विषारी होतो. वरून ‘अ’च्या गोळ्या घेणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी बादल्या ओतणं. या रुग्णांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कॉड लिव्हर ऑइल आणि बीटा-कॅरोटीनचे मोठे डोस टाळायचे. कलेजीही, कारण तिच्या एका प्लेटीत दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट ‘अ’ असतं. गाजर, पालक, दूध हे नेहमीचं जेवण चालतं, त्यावर उपाशी राहू नका. गोम अशी की एबीसीए४चा दोष कधी आर.पी.सारखाच दिसतो, म्हणून केवळ ‘आर.पी.’ या दोन अक्षरांवर ‘अ’ सुरू करणं धोक्याचं. पाच वर्षांखालच्या मुलांना सरकारी मोहिमेत मिळणारा ‘अ’चा डोस इतरांनी चुकवू नये, मात्र मुलाचं एबीसीए४ नक्की झालं असेल तर आशाताईंना सांगा आणि आधी पडद्याच्या डॉक्टरांना विचारा.

रेफसम आजार. आर.पी.सोबत वास न येणं, हातापायांना मुंग्या किंवा कमजोरी, बहिरेपणा, खवल्यांसारखी कोरडी त्वचा असं असेल तर रक्तातलं फायटॅनिक आम्ल तपासतात. हे आम्ल शरीर जिरवू शकत नाही आणि ते येतं रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चरबीतून: तूप, लोणी, साय, खवा, पनीर, मटण, शिवाय काही मासे. माळव्यातल्या माणसाला हे पथ्य जड जातं, कारण दालबाफल्यातला बाफला तुपात बुडल्याशिवाय पानात येत नाही. पण इथे पथ्य हाच उपचार आहे, कोणतीही अँटिऑक्सिडंट डबी त्याची जागा घेत नाही. पालेभाज्या चालतात, त्यांच्या हिरव्या रंगात अडकलेला घटक माणसाच्या आतड्यात सुटत नाही. आणखी एक, जे घरचे हमखास विसरतात: कडक उपास आणि झपाट्यानं वजन उतरवणं यात धोकादायक आहे. अंगातली चरबी वितळली की साठलेलं आम्ल एकदम रक्तात येतं. चातुर्मासातले सलग उपास डॉक्टरांना विचारूनच.

एबीटालायपोप्रोटीनीमिया. नाव लांबलचक, पण सुगावा साध्या लिपिड प्रोफाइलमध्येच असतो: कोलेस्टेरॉल कमालीचं कमी, वाईट कोलेस्टेरॉल जवळजवळ शून्य, आणि लहानपणापासून तेलकट जुलाब. यात ‘अ’ आणि ‘ई’ खूप मोठ्या डोसात, रक्ताच्या तपासण्या करत दिलं तर पडदा आणि मज्जातंतू वाचतात. आर.पी. आणि तोल जाणं एकत्र असेल तर रक्तातलं ‘ई’ मोजून घ्या. टीटीपीए जनुकाच्या दोषात ते फार खाली असतं आणि भरून काढता येतं. जे ‘ई’ इतर आर.पी.त नको म्हणतात तेच इथे औषध.

गायरेट अॅट्रोफी. रक्तात ऑर्निथीन वाढलेलं असतं. पथ्य आर्जिनीनचं (प्रथिनांतला एक घटक, ज्यापासून ऑर्निथीन बनतं), म्हणजे एकूण प्रथिनं मोजून, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. थोड्या रुग्णांना ‘बी-६’ लागू पडतं. यांना जिमवाले आर्जिनीनची पावडर देतात तेव्हा ते आगीत तेल असतं. शेंगदाणे आणि तीळही मापात.

एल.एच.ओ.एन., लेबरचा दृष्टिनाडीचा आजार. यात पडद्यातल्या ज्या पेशींपासून दृष्टिनाडी बनते त्या जातात, बहुधा तरुण मुलांत, एका डोळ्यामागून दुसऱ्यात. आयडेबेनोन दिवसाला ९०० मि.ग्रॅ., तीन वेळांत विभागून, असा प्रयोग ८५ रुग्णांवर झाला. त्याचे निष्कर्ष २०११मध्ये आले आणि २०१५मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. दुकानातलं साधं को-एन्झाइम क्यू-१० म्हणजे आयडेबेनोन नव्हे. आईकडून हा दोष आलेल्या, अजून नीट दिसणाऱ्या भावंडांनीही सिगारेट-बिडी आणि दारू यांपासून दूर राहायचं.

पायरी दुसरी: घरातलं सगळं एका वर्तमानपत्रावर

डोळ्यांच्या डब्याच नव्हे, सगळं मांडा: मल्टीव्हिटॅमिन, केसांच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, फिश ऑइल, त्वचेसाठी म्हणून घेतलेली ‘ई’ची हिरवी मऊ कॅप्सूल, आयुर्वेदिक डबे. मग कागदावर तीन रकाने: ‘अ’, ‘ई’, झिंक. प्रत्येक पत्ता उलटा करून आकडे उतरवा आणि बेरीज करा. (इंदुरात स्ट्रिपला पत्ताच म्हणतात, दुसरं काही म्हणून केमिस्टला कळत नाही.)

एककं फसवतात. ‘अ’चं एक आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. म्हणजे १५,००० युनिटं ४,५०० मायक्रोग्रॅम होतात. निरोगी प्रौढासाठी तयार ‘अ’ची सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम धरतात. काही मल्टीव्हिटॅमिनांच्या एका गोळीत ५,००० तर काहींत १०,००० युनिटं असतात. ‘ई’ आपल्याकडे बहुधा मि.ग्रॅ.मध्ये लिहितात; कृत्रिम टोकोफेरिल अॅसिटेटचा १ मि.ग्रॅ. म्हणजे १ युनिट. ती हिरवी कॅप्सूल ४०० मि.ग्रॅ.ची असेल तर पूर्ण ४०० युनिटं पोटात जातात, आणि घरात तिला कुणी औषध समजतच नाही.

झिंकमध्ये क्षार आणि मूळ झिंक वेगळं. झिंक सल्फेट २२० मि.ग्रॅ. म्हणजे प्रत्यक्ष झिंक सुमारे ५०. ल्युटीनमध्ये तर सर्रास घोळ: ‘ल्युटीन १०%, १०० मि.ग्रॅ.’ असं छापलं असेल तर आत ल्युटीन १० मि.ग्रॅ. आहे, १०० नाही. ‘ल्युटीन एस्टर २०’ असेल तर शुद्ध ल्युटीन साधारण १०. फिश ऑइलच्या नेहमीच्या १,००० मि.ग्रॅ. कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० (हेच दोन ओमेगा-३) असतं, बाकी साधं तेल.

आयुर्वेदिक डब्यांनाही हाच न्याय. सप्तामृत लोहात लोहभस्म आणि ज्येष्ठमध असतं. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब चढू शकतो आणि पोटॅशियम उतरू शकतं. यशद भस्म म्हणजे झिंकच, ते बेरजेत धरा. वैद्य आणि डोळ्यांचे डॉक्टर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी क्रमांक असेल तर ते अन्नपूरक आहे, औषध नव्हे. क्रमांक सरकारी फॉसकॉस संकेतस्थळावर तपासता येतो. शाकाहारी घरांनी हिरवा ठिपका पाहावा, कारण मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनची. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्त्यावर ठिपकाच नसतो, तिथे विचारावं लागतं.

पायरी तिसरी: एकेक घटक, खरं वजन किती

‘अ’ आणि ‘ई’ एकत्रच पाहिले पाहिजेत. १९९३मध्ये अमेरिकेत ६०१ आर.पी. रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज १५,००० युनिट ‘अ’ घेणाऱ्यांचा ईआरजी थोडा हळू घसरला. रोज ४०० युनिट ‘ई’ घेणाऱ्यांचा उलट वेगानं. त्यावर जगभर तीस वर्षं ‘अ’ दिलं गेलं. २०२३मध्ये त्याच गटाच्या प्रयोगांचे आकडे रुग्णांची जनुकं लक्षात घेऊन पुन्हा तपासले, तेव्हा ‘अ’चा फायदा दिसला नाही. सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २०२०च्या कोक्रेन आढाव्यातही स्पष्ट फायद्याचा पुरावा नव्हता. आमचं मत सरळ आहे: आज नव्यानं १५,००० युनिट सुरू करायला कारण उरलेलं नाही. वर्षानुवर्षं घेत असाल तर डॉक्टरांशी बोलून थांबवायचा निर्णय घ्या. ज्यांना तरीही चालू ठेवायचं असेल त्यांनी वर्षातून एकदा यकृताच्या तपासण्या, उपाशीपोटी रक्तातलं ‘अ’ आणि ट्रायग्लिसराइड. वय झालं असेल तर हाडांची घनताही. गर्भारपणात किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना १०,००० युनिटांवर ‘अ’ अजिबात नाही, बाळात व्यंग येऊ शकतं. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’चंच भावंड, तेही रात्रीचं दिसणं कमी करू शकतं, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना पडद्याचा आजार सांगायलाच हवा.

‘ई’ ४०० कुठे कुठे लपलेलं असतं? मेडिकलवाला ‘डोळ्यांची सगळ्यांत भारी गोळी’ म्हणून देतो ती बहुधा एआरईडीएस-२ (अमेरिकेतला एक मोठा प्रयोग) धर्तीची असते: ‘सी’ ५००, ‘ई’ ४०० युनिट, झिंक ८० मि.ग्रॅ., तांबं २, ल्युटीन १०, झियाझँथिन २. ही चांगली गोळी आहे, पण उतारवयातल्या मॅक्युलर डिजनरेशनसाठी, म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजण्यासाठी, आनुवंशिक आजारासाठी नव्हे. आर.पी.त तिच्यातलं ‘ई’ नको. झिंक ८० ही प्रौढाच्या कमाल मर्यादेच्या दुप्पट; दीर्घकाळ घेतलं तर तांबं घटतं आणि रक्तक्षय होतो. या धर्तीच्या जुन्या गोळ्यांत ल्युटीनऐवजी बीटा-कॅरोटीन आहे, आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याच्या मोठ्या डोसानं फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचं १९९४ आणि १९९६च्या मोठ्या प्रयोगांत दिसलं. बिडी सोडून वर्ष झालं असलं तरी बीटा-कॅरोटीनचा पत्ता परत करा.

ल्युटीन त्या मानानं निरुपद्रवी. २०१०च्या प्रयोगात २२५ रुग्णांना ‘अ’सोबत १२ मि.ग्रॅ. ल्युटीन किंवा बनावट गोळी (तुलनेसाठीची, औषध नसलेली) चार वर्षं दिली. मधल्या दृष्टिक्षेत्रात फरक पडला नाही, त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात घसरण थोडी मंदावली. पुरावा बारीक आहे. घ्यायचंच तर १० ते १२ मि.ग्रॅ., त्याहून जास्त नको. आणि हे भाजीतही मिळतं: १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण १२ मि.ग्रॅ. ल्युटीन-झियाझँथिन. आठवड्यातून चार दिवस पालक, चाकवत, मेथी, राजगिरा, तेलाच्या फोडणीतच. भुट्ट्याचा कीस पिवळ्या मक्याचा असेल तर त्यातही थोडं. पांढऱ्या मक्यात नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नका, रोज सारखं ठेवा.

डीएचए. २००४च्या प्रयोगात रोज १,२०० मि.ग्रॅ. दिलं, एकंदर फायदा दिसला नाही. तेवढ्यासाठी नेहमीच्या फिश ऑइलच्या दहा कॅप्सूल लागतात, हे विकणारा सांगत नाही. जवसाची चटणी खा, पण डीएचएसाठी नव्हे. जवसातल्या ओमेगाचं डीएचए शरीर फारच थोडं करतं. शाकाहारींना शेवाळापासूनचं डीएचए मिळतं.

खरी आशा सध्या एनएसीवर, म्हणजे एन-अॅसिटिलसिस्टीनवर आहे. खोकल्यात कफ पातळ करणारी आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरतात ती हीच. २०२०मध्ये ३० रुग्णांवरच्या सहा महिन्यांच्या पहिल्या टप्प्यात नजर आणि मधल्या भागाची संवेदनशीलता किंचित सुधारली, पण तुलनेसाठी बनावट गोळीचा गट नव्हता. म्हणून २०२३मध्ये चारशेहून अधिक रुग्णांवर मोठा प्रयोग सुरू झाला: १,८०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ४५ महिने, तिघांतल्या एकाला बनावट गोळी. त्याच्या निकालाआधी स्वतःहून एनएसी सुरू करावी असं आम्ही म्हणणार नाही. कुणाला डॉक्टरांनी दिलीच, तर दुकानात चुका अशा होतात: ‘अॅसिटिलसिस्टीन ६००’ मागितलं की अॅसिब्रोफायलिन मिसळलेली दम्याची गोळी हातात येते, किंवा मूत्रपिंडासाठीची टॉरीन मिसळलेली, जिच्यात एनएसी जेमतेम १५०. पत्त्यावर एकच नाव हवं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं. दिवसाला सहा म्हटल्यावर रक्तदाबवाल्यांनी ते मोजलं पाहिजे. सडक्या अंड्यासारखा वास हा गंधकाचा, गोळी खराब झालेली नाही. मळमळ आणि जुलाब होतात. दमा असेल तर जपून, आणि छातीदुखीसाठी नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दोन्ही मिळून रक्तदाब धाडकन पडू शकतो.

बाकीचं थोडक्यात. केशरानं स्टारगार्डमध्ये सहा महिन्यांच्या प्रयोगात फायदा दाखवला नाही. ते श्रीखंडातच छान. हळद स्वयंपाकात हवी तितकी, पण कर्क्युमिनच्या जोरदार कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अल्फा-लिपोइक आम्ल मधुमेहाच्या औषधांसोबत साखर खाली आणू शकतं. नायसिनच्या, म्हणजे ‘बी-३’ जीवनसत्त्वाच्या, मोठ्या डोसानं पडद्याच्या मध्यभागी सूज येते, आर.पी.त तर ती आधीच येऊ पाहत असते. ‘बी-३’ शेकड्यांत (मि.ग्रॅ.) असलेली गोळी नकोच.

पायरी चौथी: घ्यायची कशी

एका वेळी एकच नवी गोळी, आणि दुसरी सुरू करण्याआधी चार आठवडे थांबा. नाहीतर पुरळ उठला, पोट बिघडलं, तर दोष कुणाचा हे कळत नाही.

ल्युटीन, ‘अ’, ‘ई’, डीएचए ही चरबीत विरघळणारी मंडळी. दुपारच्या जेवणाच्या मध्यात घ्या. सकाळी वाफेवरचे इंदुरी पोहे तेलाला बेताचेच, वरची शेव तेवढी चरबी पुरवते, पण ल्युटीनसाठी रोज मूठभर शेव हा काही सल्ला नव्हे. झिंक रिकाम्या पोटी मळमळ आणतं. चहा-कॉफी, लोह, कॅल्शियम यांच्यापासून दोन तास दूर ठेवा. सिप्रोफ्लोक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स चालू असेल तर तेवढे दिवस झिंक बंदच ठेवणं सोपं. टेट्रासायक्लिन गटातली औषधं आणि ‘अ’चा मोठा डोस एकत्र नको, कवटीतला दाब वाढू शकतो. पडद्याच्या सुजेसाठी अॅसिटाझोलामाइड चालू असेल तर ‘सी’च्या १,०००च्या गोळ्या नकोत, मुतखडा होतो.

ऑपरेशनच्या आधी, दात काढण्याच्याही, ‘ई’ आणि फिश ऑइल घेत असल्याचं सांगा. केसांच्या गोळीतलं बायोटिन थायरॉइडचा अहवाल खोटा आणू शकतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला कळवा.

मेच्या उन्हात मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि माशाचं तेल खवट होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत डबी ठेवू नका. महिन्यातून एकदा एक कॅप्सूल कापून हुंगा. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर सगळी बाटली फेका.

ज्याला गोळ्या घ्यायच्या आहेत त्यालाच लेबल वाचता येत नाही, हे दुकानदार विसरतो आणि पुष्कळदा घरचेही. दुपारच्या डबीला एक रबर बँड, रात्रीच्या डबीला दोन. बोटांना पुरतं. पांढरी गोळी काळ्या ताटलीत, तपकिरी कॅप्सूल पांढऱ्या ताटलीत ओता, म्हणजे निसटली तरी दिसते. एकसारख्या दोन बाटल्या घरात ठेवायच्याच नाहीत, एकीतलं औषध आकारानं वेगळ्या डबीत घाला आणि मूळ पत्त्याचा नावाचा भाग त्याच डबीत टाकून ठेवा.

पायरी पाचवी: फरक पडतोय का, हे कशावरून

आर.पी.ची घसरण इतकी संथ असते की सहा महिन्यांत ‘बरं वाटतंय’ याला अर्थ नाही. त्या काळात नुसती साखर खाल्ली तरी बहुतेकांचं बरंच चाललेलं असतं. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी फील्ड, ओसीटी आणि जमल्यास ईआरजी करून फाइलला लावा, आणि वर्षानं त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीनं पुन्हा करा. दोन वेगळ्या दवाखान्यांच्या फील्ड टेस्ट शेजारी ठेवून तुलना होत नाही. फील्ड टेस्ट त्या दिवशीच्या झोपेवरही हलते, एका खराब अहवालानं घाबरू नका.

नजर आठवड्या-महिन्यात एकदम उतरली तर दोष आर.पी.ला देऊन गोळ्या वाढवू नका. दोन कारणं आधी तपासून घ्या, दोन्हींवर उपचार आहेत: पडद्याच्या मध्यभागी आलेली सूज, जी डॉर्झोलामाइडच्या थेंबांनी किंवा अॅसिटाझोलामाइडनं उतरू शकते, आणि भिंगाच्या मागच्या बाजूचा मोतीबिंदू, जो आर.पी.त तरुण वयातही होतो.

गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायची लक्षणं अशी: सतत डोकेदुखी आणि उलटीची भावना, डोळे पिवळे, लघवी गडद, हाडं दुखणं, त्वचा सोलणं आणि केस भराभर गळणं (हे ‘अ’ जास्त झाल्याचं), हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर निळे डाग, श्वास लागणं.

पुढच्या भेटीला जाताना नावांची यादी नको, पत्तेच न्या. रिकामे असले तरी चालतील, फक्त ज्या टोकाला नाव आणि मि.ग्रॅ. छापलेत ते टोक गोळी काढताना फाडून टाकलेलं नसावं.